आडवी बाटली, उभी बाटली

बारशाला काय न्यायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार छळत नाही. झबलं-टोपडं, दुपटं, खुळखुळा. नातं जवळचं असेल तर चांदीची वाटी, वाळे, बिंदल्या. अगदीच काही सुचलं नाही तर पाकिटात पाचशे एक घालायचे, घुगऱ्या खायच्या आणि घरी यायचं. झबलं चार महिन्यांत अपुरं होतं, खुळखुळा दिवाळीपर्यंत टिकत नाही, आणि वाळे आईच्या कपाटात जातात ते थेट पुढच्या पिढीच्या बारशालाच बाहेर येतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

पण मैत्रिणींनो, पाळण्यातल्या बाळाला दारूची बाटली भेट द्यायची, असं कुणी सांगितलं तर? कपाळावर आठी पडली ना? इंग्लंडमध्ये मात्र ही बड्या, खानदानी घरांतली जुनी रीत आहे. बाळाचा बाप्तिस्मा होतो, चर्चमध्ये त्याचं नाव घेतलं जातं, तेव्हा त्याचा गॉडफादर त्याच्या नावाने पोर्ट नावाची वाइन विकत घेतो आणि तळघरात ठेवून देतो. बाळाने ती प्यायची नसते, हे सांगायला नकोच. बाळ वयात येईल तेव्हा ती उघडायची. तोवर ती अंधारात पडून मुरते, आपल्या लोणच्यासारखी.

या विषयात मी शिरले ती माझ्या भाचीमुळे. धाकट्या बहिणीची ही मुलगी इंग्लंडच्या उत्तर भागात एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या वॉर्डातल्या मैत्रिणीला मुलगी झाली, बाप्तिस्म्याचं आमंत्रण आलं, आणि हिचा मला फोन. "मावशी, मला एक दारूची बाटली निवडायची आहे. बारशासाठी."

"अगं, मग मला काय विचारतेस? मला त्यातलं काय कळतंय?"

"तू वाचून सांग. तू सगळ्यावर वाचून सांगतेसच की!"

आता यावर काय बोलणार! पण खरं कारण तिने नंतर सांगितलं. त्या मैत्रिणीच्या थोरल्या मुलाच्या वेळी त्याच्या गॉडफादरने सहा बाटल्यांची पेटी त्याच्या नावाने ठेवली होती. आता धाकटी झाली, तर तिच्यासाठी चांदीचा चमचा आणि लोकरीचं ब्लँकेट. पोर्टचं नावही कुणी काढलं नाही. "मुलीला कशाला, असं कुणी म्हणालं नाही गं मावशी. कुणाच्या डोक्यातच आलं नाही," भाची म्हणाली. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमाप्रमाणे गॉडमदर व्हायला स्वतःचा बाप्तिस्मा झालेला लागतो, त्यामुळे आमच्या पोरीला तो मान मिळणार नव्हता. पण एका मैत्रिणीच्या नात्याने तिला ही पेटी त्या मुलीसाठी घ्यायची होती. मग मात्र मी चष्मा लावून बसले.

आधी ही पोर्ट म्हणजे काय ते सांगते. गोव्याच्या सहलीहून येताना कुणीतरी गोड, लाल 'पोर्ट वाइन' आणतं ना, ती ही नव्हे. खरी पोर्ट येते पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातून. तिथल्या उभ्या डोंगरउतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे केलेले आहेत, आपल्या वरकस जमिनीवर घालतात तशा ताली. सरकारने या भागाची हद्द आखून दिली ती १७५६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पेशवाई होती तेव्हा! द्राक्षांचा रस आंबायला लागला, की अर्ध्या वाटेवर त्यात द्राक्षांचीच कडक दारू ओततात. त्याने आंबणं थांबतं, द्राक्षांची गोडी शिल्लक राहते आणि वाइन चांगली जबर होते, वीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली. अशी वाइन टिकते. इंग्रजांचं फ्रान्सशी सारखं वैर; फ्रेंच वाइन मिळेना, महाग पडे. मग १७०३ च्या तहाने पोर्तुगीज वाइनवरचा कर त्यांनी फ्रेंच वाइनपेक्षा कमी केला आणि पोर्ट इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर कायमची येऊन बसली.

श्रीमंत जमीनदार त्या काळी मुलाच्या किंवा गॉडसनच्या जन्माला अख्खं पिंपच घ्यायचे. त्या पिंपाला 'पाइप' म्हणतात. साधारण साडेपाचशे लिटर, म्हणजे सातशेच्या वर बाटल्या! मुलगा एकवीस वर्षांचा झाला की तळघर त्याच्या हवाली. एकवीसच का, तर इंग्लंडमध्ये १९७० पर्यंत कायद्याने सज्ञान व्हायचं वय एकवीस होतं. मग ते अठरा झालं. आता पिंप कुणाला परवडतंय? एक बाटली, तीन बाटल्या, फार तर सहाची पेटी. पण मुलगा, गॉडसन, हेच शब्द या रीतीबरोबर वर्षानुवर्षं आले. तळघराची किल्लीही बापाच्या कमरेची मुलाच्या कमरेला. आपल्याकडे सातबाऱ्याचं जे, तेच तिकडे तळघराचं म्हणायचं.

गंमत अशी की ज्या डोरो खोऱ्यातून ही पुरुषांची मिरासदारी बाटलीत भरून गेली, तिथलं सगळ्यात मोठं नाव एका बाईचं आहे. दोना अंतोनिया फेरेरा. जन्म १८११ चा. १८४४ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि घरचा वाइनचा धंदा तिने स्वतःच्या हाती घेतला. मळे वाढवले, द्राक्षवेलींची मुळं खाणारी कीड सगळ्या युरोपात आली तेव्हाही ती मागे हटली नाही. १८६१ मध्ये डोरोच्या धारेत तिची नाव उलटली. बरोबरचा जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा नामवंत इंग्रज व्यापारी बुडाला, ही वाचली. लोक सांगतात, हिला फुगीर घेरदार परकराने तारलं आणि त्याला कमरेच्या पैशांच्या पट्ट्याने बुडवलं! खरंखोटं डोरो नदी जाणे. १८९६ मध्ये ती गेली तेव्हा त्या खोऱ्यातल्या मोठ्यात मोठ्या मळेवाल्यांत तिची गणना होती. भाचीला ही गोष्ट सांगितली तर तिचा हट्ट दुप्पट झाला.

मुलीच्या नावाने दारू मुरत ठेवायची रीतही जगात आहे, पण ती चीनमध्ये. तिथल्या शाओशिंग गावची तांदळाची दारू प्रसिद्ध आहे. मुलगी जन्माला आली की तिच्या नावाने दारूचे रांजण भरायचे, तोंड मातीने लिंपायचं आणि जमिनीत पुरायचे. तिच्या लग्नात ते उकरून काढायचे आणि पाहुण्यांना पाजायचे. नावही 'न्यु-अर-होंग', म्हणजे 'लेकीची लाल'. मुलगा झाला तर तसाच रांजण, पण नाव वेगळं. राज्याच्या सर्वांत मोठ्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याचा जो किताब, त्याच्यावरून! म्हणजे मुलाचा रांजण परीक्षा पास झाल्यावर उघडायचा आणि मुलीचा लग्नात. तिच्या परीक्षेचा रांजण कुणी पुरला नाही. आणि लोककथा असंही सांगते, की लग्नाआधीच ती मुलगी गेली, तर त्या दारूला 'कोमेजलेलं फूल' म्हणायचे. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

असो. बाटली कुठली, ते सांगते, कारण यात फसायला भरपूर वाव आहे. पहिलं म्हणजे, सगळी दारू बाटलीत मुरत नाही. व्हिस्की, ब्रँडी लाकडी पिंपात मुरतात. एकदा बाटलीत गेल्या की तिथेच थांबल्या. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात अठरा वर्षं ठेवली तर ती तीस वर्षांची होत नाही, बाराचीच राहते. पोर्टमध्येही भेद आहेत. 'टॉनी' म्हणून जी असते ती वर्षानुवर्षं पिंपात मुरवून, प्यायला तयार करूनच बाटलीत भरतात. ठेवून तिचं फार भलं होत नाही. ठेवायची ती 'व्हिंटेज पोर्ट'. ही दोनेक वर्षं पिंपात राहते, मग बाटलीत जाते आणि पुढची वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं तिथे मुरते. पण ती दरवर्षी निघत नाही. हवामान उत्तम जमलं, द्राक्षं तशी उतरली, तरच मोठी घराणी ते साल जाहीर करतात, दहा वर्षांत साधारण तीनदा. १९६३ चं साल अजूनही नावाजतात. २०१६ आणि २०१७ ही लागोपाठची दोन्ही सालं बहुतेकांनी जाहीर केली, असं क्वचित घडतं.

म्हणजे बाळाचा जन्म ज्या सालचा, त्या सालची बाटली मिळेलच असं नाही. मिळणार असली तरी बारशाच्या दिवशी ती पिंपातच असते. बाळ बोलायला लागतं तेव्हा कुठे ती बाटलीत उतरते! जन्मसाल हवंच असेल तर दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, आणि मोठं साल जाहीर नाही झालं तर एखाद्या घराण्याच्या एकाच मळ्यातली, त्या सालची पोर्ट बघावी लागते. मी भाचीला म्हटलं, "जन्मसालाचा हट्ट सोड. २०१६ किंवा २०१७ ची घे. मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा ती पंचविशीत असेल. म्हणजे आजच्या सालापेक्षा ती तेव्हा जास्त मुरलेली असेल." किंमत विचाराल तर चांगल्या घराण्याची एक बाटली सत्तर-ऐंशी पौंडांच्या घरात जाते. चौघी मैत्रिणींनी वर्गणी काढली तर सहाची पेटी होते.

ठेवायचं शास्त्र आणखी वेगळं. बाटली आडवी ठेवायची. आडवी ठेवली की वाइन बुचाला लागून राहते, बूच ओलं राहतं, सुकून आक्रसत नाही आणि आत हवा जात नाही. व्हिस्की-ब्रँडी मात्र उभीच, तिचं कडक पाणी बूच खाऊन टाकतं. पोर्ट मुरताना खाली गाळ धरते, म्हणून जुन्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा मारलेला असायचा. तो कायम वरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे गाळ जागचा हलत नाही. जागा अंधारी, ओलसर आणि बारा-तेरा डिग्री गार, बाराही महिने. आपल्या अकोला-जळगावच्या उन्हाळ्यात गोदरेजच्या कपाटात हे होणे नाही. अठरा वर्षांनी उघडाल तर शिजलेला काढा निघेल.

या 'आडवी बाटली' शब्दापाशी मी अडखळले. तुम्हीही अडखळला असाल. इंग्रजीत वाइन मुरत ठेवायला 'आडवी ठेवणे' असंच म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांना मात्र आडवी बाटली म्हटलं की दुसरंच काही आठवतं. २००८ च्या सरकारी नियमाने गावातल्या दारू दुकानाविरुद्ध बायकांना मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे. आडवी बाटली म्हणजे बंद करा. किती गावांत बायका कडेवर पोर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, धमक्या आल्या तरी हलल्या नाहीत, आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून आल्या! गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या, त्यातही बायकांच्या रेट्याने. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदीने दारू खरोखर बंद होते का, यावर वाद घालणारे घालोत. पण त्या रांगेतल्या बाईला बाटली ही काय चीज असते, हे कुणी शिकवायला लागत नाही. पगाराचा दिवस, दारावरची लाथ, शेजाऱ्यांनी लावून घेतलेल्या खिडक्या, एवढं तिला पुरे असतं.

मग मी काय करत होते? एका बाजूला आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बायकांसाठी लिहायचं आणि दुसऱ्या बाजूला भाचीला सांगायचं, की आडवी ठेव हं, बूच सुकेल? बहिणीने तर फोनवर सुनावलंच, "तुझं आपलं काहीतरीच. पोरीला सांग, चांदीची वाटी दे."

मला तसं सरसकट म्हणता येत नाही. आपल्या घरातही लहान मुलाला सर्दी झाली की छातीला ब्रँडी चोळायचे, आणि जुन्या विलायती ग्राइप वॉटरमध्ये अल्कोहोल असायचंच. ज्या घरात सणासुदीला एक ग्लास घेतात, झाकण लावतात आणि ठेवून देतात, त्या घरात ही बाटली म्हणजे अठरा वर्षांनी सगळ्यांनी एकत्र बसायचं निमित्त. आणि मला त्या रीतीतलं एक फार आवडतं. बाळाच्या भेटी बहुतेक आजच्या असतात. ही भेट सांगते, की तू मोठी होणार आहेस, आणि तेव्हा मी असेन-नसेन, तुझी आठवण करून आज काही ठेवलंय. राजस्थानातल्या पिपलांत्री गावात मुलगी जन्मली की एकशे अकरा झाडं लावतात, त्यातही हाच भाव आहे. झाडाने मात्र कुणाचं घर बुडत नाही. हा फरक मी विसरू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं आहे, की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं अमुक एक प्रमाण सुरक्षित, असं सांगता येत नाही. स्तनाच्या कॅन्सरशीही तिचा संबंध आहे. 'वाइन म्हणजे काही दारू नव्हे' असं म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

म्हणून साल, घराणं, किंमत हे सगळं सांगून झाल्यावर मी भाचीला एकच विचारलं, "बाळाच्या आईला विचारलंस का?"

"सरप्राइज आहे ना मावशी!"

"बाटलीचं सरप्राइज नसतं. त्या घरात कोण किती पितं, कोण प्यायचं, कोणी सोडलीय, हे तुला-मला बाहेरून दिसत नाही. आधी तिला विचार. आणि तिलाच विचार, नवऱ्याला नको."

थोरल्याच्या वेळी त्या आईला कुणी विचारलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. गॉडफादरने ठरवलं, नवरा हो म्हणाला, पेटी आली. यावेळी भाचीने विचारलं तर ती दोन दिवस काही बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर, दोघी बसची वाट बघत असताना तिने सांगितलं. तिचे वडील दारूपायी गेले. घरात बाटली लपवायच्या सगळ्या जागा तिला लहानपणापासून पाठ होत्या. थोरल्याची ती पेटी जिन्याखाली आहे, आणि जिन्याखालचं दार उघडताना तिला अजूनही नको वाटतं. पण मुलाला मिळालं ते मुलीला नाही, हेही तिला सलत होतं. तिचं म्हणणं एवढंच, की द्यायची तर जरूर द्या, पण माझ्या घरात नको.

त्यावर तोड निघाली. तिकडे वाइनच्या व्यापाऱ्यांची कोठारं असतात, वर्षाला ठरावीक भाडं घेऊन ते पेटी सांभाळतात. भाचीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी २०१७ ची सहाची पेटी घेतली आणि कोठारात ठेवली. मुलगी सज्ञान नाही, म्हणून पावती भाचीच्या नावाने. ती तिने फाइलला लावली. बारशाला गेली ती एक छोटी चांदीची वाटी (आमच्या बहिणीची जीत झाली म्हणायची!) आणि एक चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत लिहिलंय, की अठरा पूर्ण झाल्यावर ही पेटी तुझी. उघड, लिलावात विकून टाक, शिक्षणाला लाव किंवा नको म्हण. त्यासाठी तुला लग्न करायची अट नाही. हे शेवटचं वाक्य भाचीने शाओशिंगची गोष्ट ऐकून घातलं. मला न विचारता!

आणि आईने आणखी एक केलं. जिन्याखालची थोरल्याची पेटीही तिने नवऱ्याला सांगून त्याच कोठारात हलवली. दोघा भावंडांच्या पेट्या आता शेजारीशेजारी आहेत.

पुढेमागे तुमच्यापैकी कुणाची लेक, सून परदेशात असेल आणि अशी बाटली उघडायची वेळ आलीच, तर एवढं लक्षात असू द्या. आदल्या दिवशी ती अलगद उभी करायची, म्हणजे इतक्या वर्षांचा गाळ तळाशी बसतो. उघडताना बूच मोडतं, ते जुनं असतं, घाबरायचं नाही. मग मलमलच्या धुतलेल्या फडक्यातून काचेच्या भांड्यात हळूहळू गाळून घ्यायची आणि गाळ दिसायला लागला की थांबायचं. उघडलेली व्हिंटेज पोर्ट दोन-तीन दिवसांवर ठेवू नये.